घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने काय ओढू नये, आणि चुकून ओढलंच तर काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात भिंत फोडून दुरुस्ती झाली. जमिनीवर सिमेंट आणि पुट्टीची भुकटी पसरली आहे, कोपऱ्यात थोडं थिनर सांडलं आहे आणि कामात एक ट्यूबलाइट फुटली आहे. हे सगळं घरच्याच व्हॅक्यूम क्लीनरने ओढलं तर चालेल का? आणि एरवीही या यंत्राने कोणत्या गोष्टी ओढूच नयेत?

तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, मात्र प्रत्येकाचं कारण वेगळं आणि धोकाही कमीजास्त. थिनरमुळे काही सेकंदांत आग लागू शकते. ट्यूबमधला पारा घरभर पसरतो. सिमेंटची धूळ मोटर जाळते आणि फुफ्फुसात जाते. यंत्र आतून कसं चालतं हे एकदा कळलं की नव्या गोष्टीबद्दलही तुम्हाला स्वतःच ठरवता येईल.

वायरवाल्या साध्या यंत्रात कचऱ्यासकट हवा नळीतून पिशवीत किंवा डब्यात येते. कचरा तिथे अडतो. हवा फिल्टरमधून पंख्याकडे जाते आणि बहुतेक घरगुती मॉडेलांत तीच हवा मोटरच्या गुंडाळीवरून वाहत तिला थंड करते, मग मागच्या जाळीतून खोलीत परत येते. ही मोटर मिनिटाला 30,000 च्या आसपास फेरे घेते. तिच्या कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या दांड्यावर फिरणाऱ्या तांब्याच्या कड्यावर, दोन कार्बन ब्रश घासत असतात आणि तिथे सतत बारीक ठिणग्या पडतात. हा बिघाड नाही, नव्या कोऱ्या मोटरमध्येही त्या पडतातच. त्यामुळे पिशवी आणि फिल्टर ज्याला अडवू शकत नाहीत ते सगळं, म्हणजे वाफ, गॅस, पाणी आणि अतिसूक्ष्म भुकटी, या ठिणग्यांवरून जातं आणि मग तुमच्या नाकासमोर बाहेर पडतं.

आता थिनर. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन, स्पिरिट यांची वाफ नेहमीच्या तापमानालाही पेट घेते. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या खालीही पेटू शकते, अ‍ॅसिटोनची उणे 20 च्या आसपास. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण फक्त 1.4 टक्के झालं की ते मिश्रण ठिणगीने पेटतं. हिशेब करून पाहा: 20 लिटरच्या टाकीत तेवढी वाफ व्हायला जेमतेम दीड ते दोन मिलिलिटर पेट्रोल पुरतं, चहाच्या चमच्याच्या निम्म्याहूनही कमी. यंत्र तर नुसतं द्रव ओढत नाही, वेगवान हवेत त्याचे तुषार करून पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढवतं. गाडीच्या किंवा गवत कापायच्या यंत्राच्या टाकीतलं जुनं पेट्रोल ‘पाणीही ओढणाऱ्या’ यंत्राने उपसायची कल्पना अनेकांना सुचते. ती जीवघेणी आहे. अशा वेट-अँड-ड्राय यंत्रात मोटर थंड करणारी हवा वेगळी असते हे खरं, पण ती हवा त्याच खोलीतून घेतली जाते आणि यंत्राच्या मागून निघालेली वाफही तिथेच असते. शिवाय प्लास्टिकच्या नळीतून वेगाने काही वाहिलं की नळीवर स्थिर विद्युतभार साठतो आणि त्याची एक ठिणगी पुरते. बिनब्रशची मोटर असलेली बॅटरीवरची यंत्रंही यातून सुटत नाहीत. स्विच, पुढच्या फिरत्या ब्रशची छोटी मोटर आणि बॅटरीचे जोड तिथे असतातच, आणि यातलं काहीही वाफेपासून बंद केलेलं नसतं.

सांडलेल्या थिनरसाठी खिडक्या उघडा, आसपासची ज्योत विझवा आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका. वर कोरडी वाळू, माती किंवा मांजराच्या पेटीतली शोषक माती पसरा. शोषून झाल्यावर प्लास्टिकच्या सुपलीने झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून तो घराबाहेर ठेवा. फडक्याने पुसलं असेल तर ते फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका, मोकळ्यावर पसरून सुकू द्या. जवसाच्या तेलाचं पॉलिश लागलेली फडकी आणि त्याच पॉलिशवर पॉलिशपेपर मारून निघालेली भुकटी यांची गोष्ट आणखी वाईट आहे. सुकताना ती स्वतःच तापतात. पिशवीत दाबून भरलेली अशी भुकटी यंत्र बंद करून ठेवल्यावर काही तासांनी पेटू शकते. म्हणून लाकूडकामानंतर पिशवी त्याच दिवशी बाहेर रिकामी करायची.

याच प्रकारातली एक चूक फारशी कुणाला माहीत नसते. झुरळं किंवा ढेकूण ओढून घेतले की ते आत जिवंत राहतात, म्हणून लोक नळीच्या तोंडात कीटकनाशकाचा स्प्रे मारतात. स्प्रेच्या डब्यातला दाब बहुधा प्रोपेन-ब्यूटेनचा असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये असतो तोच ज्वलनशील गॅस. यंत्र चालू असेल तर तो सरळ कम्युटेटरपर्यंत पोहोचतो. कीटक ओढायला हरकत नाही, फक्त नंतर पिशवी काढून जाड प्लास्टिकमध्ये गच्च बांधा आणि लगेच घराबाहेर टाका. पिशवीऐवजी डबा असेल तर तो मोठ्या पिशवीच्या आत धरून रिकामा करा आणि साबणाच्या गरम पाण्याने धुवा.

गॅसगळती झाली असताना यंत्राने गॅस ‘ओढून बाहेर’ काढायचा प्रयत्न कधीही करू नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने जमिनीलगत साचतो, नेमका नळीचं तोंड असतं त्या उंचीवर. दारं-खिडक्या उघडायच्या, हाताशी असेल तर झडप बंद करायची आणि बाहेर पडायचं.

राखेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती पाहून कोणालाच धोका वाटत नाही. लाकूड किंवा कोळशाच्या राखेखाली निखारा चार दिवसांपर्यंत धुमसत राहू शकतो, कारण राख उष्णता अडवते आणि हवाही. यंत्र नेमकी उलट परिस्थिती तयार करतं: निखारा कागदी पिशवीत, भोवती कोरडी धूळ आणि केस, आणि वरून वेगवान हवेचा झोत. अंधाऱ्या खोपट्यात ठेवलेलं यंत्र तासाभराने पेटतं ते यामुळेच. राख लोखंडी फावड्याने झाकणाच्या धातूच्या बादलीत काढा, पाणी ओतून ढवळा आणि बादली लाकडी जमिनीवर ठेवू नका. राखेसाठी धातूच्या टाकीची खास यंत्रं मिळतात, पण तीही गार राखेसाठीच असतात. त्यांच्या पुस्तिकांत सहसा 40 अंश सेल्सिअसची मर्यादा दिलेली असते. ग्राइंडरच्या ठिणग्यांजवळ नळी धरून भुकटी ओढणं हाही हाच प्रकार. विझलेली काडी, सिगारेटचं थोटूक, अगरबत्तीची राख यांनाही हेच लागू.

बांधकामाच्या धुळीवर जरा सविस्तर बोलतो, कारण अनेक यंत्रं या धुळीनेच मरतात. सिमेंट, काँक्रीट, टाइल आणि वीट कापताना निघणाऱ्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे 4-5 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि तिथे कायमचे व्रण तयार होतात. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. घरगुती कापडी किंवा पातळ कागदी पिशवीतून हे कण निसटतात. जमीन स्वच्छ दिसते, पण मागच्या जाळीतून बाहेर पडलेली धूळ तासन्‌तास खोलीत तरंगत राहते.

दुसरीकडे जाड कण पिशवीच्या आतल्या बाजूला पुट्टीसारखे बसतात. पिशवी चतुर्थांशही भरलेली नसते आणि तरी हवा जाईनाशी होते. हवा कमी झाली की मोटर थंड होत नाही. तिचा आवाज चढतो, गरम वास येतो आणि तापमान-संरक्षण असेल तर यंत्र आपोआप बंद पडतं. इथे लोक दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू करतात, पुन्हा बंद पडलं की पुन्हा. संरक्षणाने यंत्र बंद केलं म्हणजे हवेचा मार्ग बंद आहे एवढाच त्याचा अर्थ. प्लग काढा, पिशवी बदला, फिल्टर साफ करा आणि अर्धा-एक तास थांबा. तसं न करता रेटलं की गुंडाळीवरचं वार्निश जळतं. तिसरं नुकसान हळू होतं: निसटलेली भुकटी बेअरिंगच्या ग्रीसमध्ये जाऊन त्याचा सँडपेपर करते आणि काही महिन्यांनी यंत्र किंचाळायला लागतं.

हेपा फिल्टर असलेलं यंत्र चालेल का, असं हमखास विचारलं जातं. हेपा 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, पण फिल्टर चांगला असणं आणि संपूर्ण यंत्र हवाबंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाकणाच्या रबरातून हवा निसटत असेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. शिवाय बांधकामाची धूळ हेपा काही मिनिटांत तुंबवते. या कामासाठी एम वर्गाचं यंत्र भाड्याने आणावं. धूळ-यंत्रांचे एल, एम आणि एच असे वर्ग आहेत. एल वर्गात 1 टक्क्यापर्यंत धूळ निसटली तर चालते, एम मध्ये 0.1 टक्का, एच मध्ये 0.005 टक्के. ते मिळत नसेल तर सर्वांत चांगला जुना उपाय पाण्याचा: फवाऱ्याने बारीक पाणी मारून भुकटी ओलसर करा, सपाट पत्र्याने किंवा खरवडणीने गोळा करा, उरलेली ओल्या पोछ्याने दोन-तीनदा पाणी बदलून पुसा. एन-95 किंवा एफएफपी-2 मास्क लावूनच. हे पाणी बेसिनमध्ये मात्र ओतू नका, सिमेंट नळात घट्ट होतं.

अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे आणि शिसं असलेला जुना रंग खरवडल्यावर निघालेली पूड यांना घरगुती यंत्र लावूच नये, हेपा असो वा नसो. तिथे एच वर्ग आणि जाणकार माणूस लागतो.

प्रिंटरचा टोनर हा याच धुळीचा भाऊ. त्याचे कण साधारण 5 ते 10 मायक्रॉनचे आणि मुख्यतः प्लास्टिकचे असतात. पिशवीतून निसटून ते गरम मोटरवर वितळतात, आणि हवेत उडालेला टोनर पेटूही शकतो. तो थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्याने टिपायचा. गरम पाण्याने चिकटून बसतो. अग्निशामकाची पावडर, मोठ्या प्रमाणात सांडलेलं पीठ, टाल्कम पावडर यांचंही तेच: आधी सुपलीने उचला, मग ओल्या फडक्याने पुसा. अग्निशामकाची पावडर ओल लागली की धातू खाते, म्हणून यंत्रात गेली असेल तर फिल्टर आणि पिशवी दोन्ही टाकून द्या.

आता फुटलेली ट्यूब. ती एलईडी असेल तर पारा नसतो, प्रश्न फक्त काचेचा उरतो. फ्लुओरेसंट ट्यूब किंवा सीएफएल असेल तर आत काही मिलिग्रॅम पारा असतो. जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये तो अर्धा ग्रॅम किंवा जास्त, म्हणजे शंभर पट. यंत्राने ओढला तर त्याच्या गरम हवेच्या झोतात पाऱ्याचे सूक्ष्म थेंब होऊन त्याची वाफ खोलीत पसरते. आणि त्यानंतर ते यंत्र स्वतःच पाऱ्याचा स्रोत बनतं, प्रत्येक वापरात थोडी वाफ सोडतं. असं यंत्र साफ करता येत नाही.

मुलं आणि पाळीव प्राण्यांना बाहेर काढा, एसी आणि पंखा बंद करा, खिडकी उघडून 5 ते 10 मिनिटं खोली मोकळी ठेवा. हातमोजे घालून काचा दोन पुठ्ठ्यांनी गोळा करा. बारीक चुरा आणि पांढरी पूड रुंद चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कागदाने पुसा. सगळं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून धोकादायक कचऱ्यात द्या. थर्मामीटरच्या पाऱ्याचे मणी शोधायला खोली अंधारी करून टॉर्च जमिनीला समांतर धरा, ते चमकतात. ड्रॉपरने ओढा किंवा पुठ्ठ्याने ढकला. झाडू मारला तर एका मण्याचे शंभर होतात.

पाण्याकडे येऊ. कोरड्या यंत्राने पाणी ओढलं तर कागदी पिशवी फाटते आणि पाणी मोटरवर येतं. विजेचा धक्का, गुंडाळीत शॉर्ट, गंजलेली बेअरिंग, यातलं काहीही होऊ शकतं. पूर्ण ओलं गालिचा-कार्पेट, सांडलेलं दूध, ओली माती आणि पाळीव प्राण्याने केलेली घाण, सगळं यात मोडतं. वेट-अँड-ड्राय यंत्र असलं तरी पाणी ओढण्याआधी तीन गोष्टी करायच्या: कागदी पिशवी काढायची, कागदी फिल्टरच्या जागी स्पंजचा फिल्टर बसवायचा आणि टाकीतला तरंगता गोळा हाताने वरखाली करून मोकळा आहे ना ते पाहायचं. टाकी भरली की हा गोळा वर येऊन हवेचं तोंड बंद करतो. आवाज एकदम चढतो आणि ओढ थांबते. तेव्हा लगेच बंद करून टाकी रिकामी करायची. साबणाचा फेस या गोळ्याला फसवतो. फेस हलका असतो, तो गोळ्याला उचलत नाही, बाजूने वर चढून मोटरमध्ये जातो. कार्पेट शाम्पूचं पाणी ओढायचं असेल तर टाकीत आधी फेसनाशक द्रव घाला.

जिथे जमिनीवर पाणी आहे तिथे यंत्र 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच्या (वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरच्या) सॉकेटला लावा आणि सॉकेट, एक्स्टेन्शन पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. गटाराचं किंवा पुराचं पाणी ओढलं तर मागच्या हवेत जंतूंचे तुषार येतात, म्हणून ते काम खोलीबाहेर यंत्र ठेवून, लांब नळी आत आणून करतात. आणखी एक बारीक पण वारंवार होणारी चूक: फिल्टर धुऊन ओलाच बसवणं. धुतलेला फिल्टर 24 तास सावलीत सुकायला हवा. ओल्या फिल्टरवर धूळ चिखलासारखी बसते, मोटरकडे दमट हवा जाते आणि आठवडाभरात कुबट वास सुटतो.

उंदरांच्या लेंड्या आणि मूत्र सुकलेली जागा यंत्राने साफ करू नये. हंटाव्हायरससारखे विषाणू त्या धुळीबरोबर श्वासात जाऊ शकतात. खोली अर्धा तास हवेशीर करा, 1 भाग ब्लीच आणि 9 भाग पाणी असं ताजं मिश्रण भरपूर फवारा, 5 मिनिटं भिजू द्या आणि कागदाने उचला. भिंतीवरच्या सुक्या बुरशीचंही तसंच, आधी ओली करायची.

माणसाच्या शरीराजवळ नळी नेऊ नये, गंमत म्हणूनही नाही. नळीचं तोंड पूर्ण बंद झालं की घरगुती यंत्र साधारण 20 किलोपास्कल ओढ तयार करतं, म्हणजे पाऱ्याचे 150 मिलिमीटर. नवजात बाळाच्या श्वासमार्गातून स्राव काढताना दवाखान्यात ही ओढ सर्वसाधारणपणे 100 च्या आत ठेवतात, यावरून अंदाज घ्या. कानाला लावली तर पडदा फाटू शकतो, डोळ्याचं तर बोलायलाच नको. काही जुन्या हातात धरायच्या यंत्रांत पंख्याची पाती यंत्राच्या तोंडापासून 15 सेंटिमीटरच्या आसपास असतात आणि त्यात अवयव अडकून झालेल्या गंभीर जखमा वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. लहान मुलाच्या घशात काही अडकलं तर यंत्र शोधण्यात वेळ घालवू नका. श्वास अडला असेल तर एक वर्षावरील मुलाला पाठीवर खांद्यांच्या मधोमध 5 थापा आणि मग पोटावर वरच्या दिशेने 5 दाब, वर्षाखालील बाळाला पोटाऐवजी छातीच्या मध्यावर 5 दाब, आणि मदतीला फोन. मुलांचे मोकळे केस फिरत्या ब्रशपासून दूर ठेवा.

संगणकाच्या आत नळी घालू नका. प्लास्टिकच्या तोंडावर हजारो व्होल्टचा स्थिर विद्युतभार साठतो, काही चिप शंभरेक व्होल्टलाही बिघडतात.

वायरीबद्दल एवढंच: 1600 वॉटचं यंत्र 230 व्होल्टला सुमारे 7 अँपिअर घेतं. एक्स्टेन्शनची रीळ गुंडाळलेली ठेवून चालवली तर आतले वेढे तापून वितळतात; पूर्ण उलगडा. यंत्राच्या स्वतःच्या वायरीवर बहुधा पिवळी खूण असते, तिथपर्यंत ओढायची. लाल खूण दिसली की थांबायचं, नाहीतर आतला जोड उपटतो.

आता चूक झालीच असेल तर. पेट्रोल, थिनर किंवा गॅस ओढला गेला असेल तर यंत्रावरचं बटण दाबू नका, कारण बटणातही ठिणगी पडते. दूरच्या मुख्य स्विचवरून वीज तोडा, सगळ्यांना बाहेर काढा, खोली हवेशीर होईपर्यंत आत जाऊ नका. ते यंत्र पुन्हा वापरायचं नाही. धूर येत असेल तर प्लग काढा आणि झाकण उघडू नका, ताजी हवा मिळाली की धुमसणारी पिशवी भडकते. ज्वाळा नसतील आणि यंत्र उचलण्याजोगं असेल तर उघड्यावर न्या, भिंतीपासून लांब ठेवा आणि प्लग निघालेला आहे याची खात्री करून मगच नळीच्या तोंडातून पाणी ओता. ज्वाळा दिसत असतील तर यंत्र सोडून दार लावून घ्या आणि अग्निशमन दलाला बोलवा. कोरड्या यंत्रात पाणी गेलं असेल तर ‘चालू करून सुकवू’ हा विचार सोडा: प्लग काढा, पिशवी फेका, दोन-तीन दिवस उघडं ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडून मोटरचा इन्सुलेशन रेझिस्टन्स (वीज बाहेर गळत नाही ना, याचं माप) मोजून घेतल्याशिवाय जोडू नका. पारा ओढला गेला असेल तर यंत्र आणि नळी जाड पिशवीत बांधून, पिशवीवर तसं लिहून, धोकादायक कचऱ्यात द्या.